तुकड्यातुकड्यांनी टिपलेले आकाश : बेगमपेठच्या काचा आणि गंडिकोट्याचा कडा

हैदराबादच्या बेगमपेठ भागात 'सेंटर फॉर इकॉनॉमिक अँड सोशल स्टडीज' ही संशोधन संस्था आहे. तिच्या पत्त्यात 'निझामिया ऑब्झर्व्हेटरी कॅम्पस' हे शब्द आजही येतात. अर्थशास्त्राच्या संस्थेच्या पत्त्यात वेधशाळा कशी आली, असा प्रश्न पत्र पाठवणाऱ्याला पडत असेल. उत्तर सोपे आहे. शंभर वर्षांपूर्वी या परिसरातून आकाशाची छायाचित्रे घेतली जात होती. हौसेखातर घेतलेली ती छायाचित्रे नव्हती. संपूर्ण आकाशाचा एक सलग पट तयार करण्याच्या जागतिक उपक्रमातील हैदराबादच्या वाट्याचे ते काम होते.

आज त्याच जागी रात्री उभे राहिले, तर मेट्रो, उड्डाणपूल आणि जाहिरातफलक यांच्या उजेडातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तारे दिसतात. आकाशगंगेचा पट्टा दिसण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे हैदराबादचे छायाचित्रकार अमावास्येच्या आसपासचा शनिवार गाठून, गाडीत ट्रायपॉड टाकून, सात-आठ तासांच्या अंतरावरील आंध्र प्रदेशातील गंडिकोट्याच्या दरीकडे जातात. तिथे कड्यावर बसून, एकापुढे एक अशी पंधरा-सोळा छायाचित्रे घेऊन, खाली दरी आणि वर आकाशगंगेची कमान असे एकच विशाल चित्र ते जोडतात. या प्रकाराला सर्वजण पॅनोरामा म्हणतात. बेगमपेठच्या काचा आणि गंडिकोट्याचा पॅनोरामा यांत शतकाचे अंतर असले, तरी दोहोंची रीत एकच आहे. ती नीट समजली, तर गोव्यातील एखाद्या सड्यावर कॅमेरा घेऊन जाणाऱ्यालाही तिचा उपयोग होईल.

एका चौकटीत का मावत नाही?

हात पूर्ण लांब करून मूठ आकाशाकडे धरली, तर ती साधारण १० अंश जागा व्यापते. पूर्ण चंद्र अवघा अर्धा अंश. या मापाने आकाशगंगेची कमान एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत जवळजवळ १८० अंश पसरते. ३५ मिलिमीटरची लेन्स पूर्ण आकाराच्या सेन्सरवर लावून कॅमेरा उभा धरला, तर एका चौकटीत ३८ अंश रुंदी आणि ५४ अंश उंची येते. म्हणजे कमानीचा जेमतेम पाचवा हिस्सा.

मग १४ मिलिमीटरची अतिविस्तृत लेन्स वापरून एकाच छायाचित्रात काम का उरकू नये? अनेक जण तसे करतातही. परंतु यात एक मेख आहे. ताऱ्याकडून आलेला प्रकाश किती गोळा होणार, हे लेन्सच्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरते. १४ मिलिमीटर आणि एफ २.८ अशा लेन्सचे छिद्र ५ मिलिमीटर भरते. ३५ मिलिमीटर आणि एफ १.८ अशा लेन्सचे १९ मिलिमीटरच्या पुढे जाते. क्षेत्रफळाच्या हिशेबाने ही तफावत जवळपास पंधरापट होते. विस्तृत लेन्सला शटर अधिक वेळ उघडे ठेवता येते, ही सवलत वजा केली तरी सहापट फरक उरतो. विस्तृत लेन्सने घेतलेल्या चित्रात तारे बारीक आणि फिके येतात, कोपऱ्यात ताणले जातात. लांब लेन्सने तुकडे घेऊन जोडले, तर तेच तारे ठसठशीत उमटतात. पॅनोरामा ही रुंदीची हौस आहे, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ती प्रकाशाची काटकसर आहे.

हे गणित एकोणिसाव्या शतकातील खगोलशास्त्रज्ञांनाही ठाऊक होते. म्हणूनच आकाशाचे छायाचित्र घ्यायचे ठरले, तेव्हा त्यांनी ते तुकड्यांनीच घ्यायचे ठरवले.

पॅरिसची परिषद आणि हैदराबादचा नवाब

सन १८८७ मध्ये पॅरिस वेधशाळेचे संचालक अ‍ॅडमिरल अर्नेस्त मूशे यांच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये खगोलशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पॉल आणि प्रॉस्पर हे हेन्री बंधू त्या काळी छायाचित्रणासाठी खास बनवलेल्या दुर्बिणीने उत्तम छायाचित्रे घेत होते. त्यांच्या दुर्बिणीचा नमुना प्रमाण मानून जगभरच्या वेधशाळांनी आकाश आपसांत वाटून घ्यावे, असे परिषदेत ठरले. उपक्रमाचे दोन भाग होते. पहिला, साधारण अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांची मोजमापासह सूची. दुसरा, त्याहून मंद तारे दाखवणारा छापील नकाशा. दोन्हींना मिळून 'कार्त दु सिएल', म्हणजे आकाशाचा नकाशा, या फ्रेंच नावाने ओळखले जाते.

वाटणी पट्ट्यांची होती. पृथ्वीवर अक्षांश असतात, तसे आकाशात क्रांतीचे अंश असतात. उत्तर ध्रुवाजवळचा पट्टा ग्रीनिचकडे, त्याखालचा व्हॅटिकनकडे, मग कातानिया, हेलसिंकी, पॉट्सडॅम असे उतरत उतरत दक्षिण ध्रुवाजवळचा पट्टा मेलबर्नकडे गेला. विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांचा पट्टा चिलीतील सांतियागो वेधशाळेला मिळाला होता. सांतियागोला तो पेलवला नाही. आकाशाच्या पटात सात अंश रुंदीचे भोक पडण्याची वेळ आली.

इकडे हैदराबादेत नवाब जफर जंग या निझामाच्या दरबारातील उमरावाला खगोलशास्त्राचा नाद लागला होता. त्याने इंग्लंडमधून १५ इंची ग्रब दुर्बीण मागवली आणि सन १९०१ मध्ये हैदराबादच्या फिसलबंडा भागातील आपल्या मालमत्तेवर वेधशाळा उभारली. तेलुगूत 'बंडा' म्हणजे खडक. हैदराबादचा सारा परिसरच सुमारे अडीचशे कोटी वर्षे जुन्या ग्रॅनाइटच्या गोलाकार शिळांनी भरलेला आहे, हे तिथे जाऊन आलेल्यांना सांगावे लागत नाही. सहावे निझाम महबूब अली खान यांच्या परवानगीने वेधशाळेला 'निझामिया' हे नाव मिळाले. जफर जंगच्या मृत्यूनंतर, सन १९०८ मध्ये, ती निझाम सरकारच्या ताब्यात आली आणि इंग्लंडहून आर्थर चॅटवूड हे संचालक म्हणून आले. सांतियागोने सोडलेला पट्टा हैदराबादने उचलला. छायाचित्रणासाठी कुक कंपनीची ८ इंची दुर्बीण बसवण्यात आली. वेधशाळा फिसलबंड्याहून बेगमपेठेत आली.

मराठवाडा त्या वेळी निझामाच्याच राज्यात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड येथील शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्याचा काही अंश या काचांवर खर्च झाला असणार. त्याची दखल कोणी घेतल्याचे आढळत नाही.

एका काचेची रात्र

चॅटवूड यांच्यानंतर सन १९१४ मध्ये रॉबर्ट पोकॉक संचालक झाले आणि काचा घेण्याचे काम रुळावर आले. त्या कामाची पद्धत आजच्या छायाचित्रकाराने लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे.

प्रत्येक काच आकाशाचा २ अंश लांब आणि २ अंश रुंद असा चौकोन टिपत असे. पूर्ण चंद्र चार वेळा शेजारी शेजारी ठेवला, तर जेवढी लांबी होईल, तेवढी ही बाजू. प्रमाण असे ठरलेले होते की काचेवरचे एक मिलिमीटर म्हणजे आकाशातील एक कला, अर्थात अंशाचा साठावा भाग. काच धुण्यापूर्वी तिच्यावर ५ मिलिमीटर अंतराच्या बारीक रेघांची जाळी उमटवली जाई. काचेवरचा रासायनिक थर वाळताना किंचित आक्रसतो किंवा सरकतो. तारा सरकला की थर सरकला, हे ओळखायचे कसे? जाळीच्या रेघा त्याच थरावर असल्याने थराबरोबर त्याही सरकत, आणि मोजणाऱ्याला खरे अंतर काढता येई.

सूचीसाठीच्या काचेवर साधारणपणे एकाच भागाची तीन छायाचित्रे किंचित सरकवून घेतली जात. एक सहा मिनिटांचे, दुसरे तीन मिनिटांचे, तिसरे वीस सेकंदांचे. त्यामुळे खरा तारा काचेवर ठरावीक अंतरावर तीन वेळा उमटे. धुळीचा कण किंवा थरातील डाग मात्र एकदाच दिसे. मंद ताऱ्यांसाठी लांब छायाचित्र उपयोगी, तर तेजस्वी ताऱ्यांच्या स्थानासाठी वीस सेकंदांचे. पृथ्वी फिरत असल्याने आकाश ताशी १५ अंश सरकते. घड्याळ यंत्रणा दुर्बिणीला त्याच गतीने फिरवत असे, पण यंत्रणेवर पूर्ण भरवसा कोणी टाकत नसे. जोडीच्या दुर्बिणीला डोळा लावून, एक तारा तारांच्या फुलीवर धरून ठेवत, निरीक्षक ती सहा मिनिटे काढत असे.

हैदराबादच्या अक्षांशावरून हा पट्टा दक्षिण दिशेला, क्षितिजापासून साधारण ५० ते ५५ अंश उंचीवरून जातो. हिवाळ्यात त्यात व्याधाचा तारा येतो, अगदी पट्ट्याच्या उत्तर काठाला. उन्हाळ्यात वृश्चिकाचे डोके आणि धनु राशीतील आकाशगंगेचे दाट ढग येतात. पावसाळ्यात काम बंद. म्हणजे ताऱ्यांची सर्वाधिक गर्दी जेव्हा सोयीच्या वेळी डोक्यावर येते, नेमके तेच महिने ढगांच्या वाट्याला जात. गोव्यातील आकाशनिरीक्षकांना हे दुखणे नवे नाही.

आता रीतीचा गाभा. एक काच २ अंशांची; एका पट्टीत आकाशाला वळसा घालायला १८० काचा लागतात, आणि अशा सात पट्ट्या. साध्या गणिताने बाराशेहून अधिक काचा. पण या काचा फरशीसारख्या कडेला कडा लावून मांडलेल्या नव्हत्या. शेजारच्या पट्टीतील काचा अर्ध्याने सरकवून अशा घेतल्या जात की एका काचेचा कोपरा दुसरीच्या मध्यावर यावा. परिणामी प्रत्येक तारा निदान दोन काचांवर यायचाच. लेन्सचा दोष कोपऱ्यात सर्वाधिक आणि मध्यात सर्वांत कमी असतो. एका काचेच्या कोपऱ्यात वाकडा दिसलेला तारा दुसऱ्या काचेच्या मध्यात सरळ दिसे, आणि दोहोंच्या तुलनेतून काच नेमकी किती वाकवते हे कळे. जोडणीचा सारा जीव या चढत्या-उतरत्या भागात होता.

पुढचे काम सूक्ष्मदर्शकाखाली. प्रत्येक ताऱ्याचे जाळीतील स्थान डोळ्यांनी वाचायचे, वहीत लिहायचे, दुसऱ्याने तपासायचे. व्हॅटिकनमध्ये हे काम जोगिणींनी केले. अन्यत्र कारकुनांनी, पुष्कळ ठिकाणी स्त्रियांनी. त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे इतिहासात राहिली.

सन १९१८ पासून टी. पी. भास्करन यांनी निझामियाची सूत्रे हाती घेतली आणि सन १९४४ पर्यंत ती सांभाळली. सन १९१९ मध्ये वेधशाळा नव्या उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. दक्षिण पट्ट्याच्या काचा सन १९२९ पर्यंत पुऱ्या झाल्या. त्यात सुमारे २ लाख ९३ हजार तारे नोंदले गेले. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण उत्तरेकडे पॉट्सडॅमचे काम अर्धवट राहिले होते. त्यातील ३६ ते ३९ अंशांची पट्टीही हैदराबादने घेतली आणि आणखी सुमारे १ लाख ४९ हजार ताऱ्यांची भर घातली. दोन खंडांतील वेधशाळांनी सोडलेले तुकडे एका संस्थानी शहराने पुरे केले. विज्ञानाच्या इतिहासात हैदराबादचे नाव घेताना हा मुद्दा सहसा येत नाही. तो यायला हवा.

निरुपयोगी ठरलेले काम उपयोगी कसे झाले

नकाशाचा भाग पूर्ण झालाच नाही. सूची पूर्ण व्हायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. तोवर खगोलशास्त्र ताऱ्यांचे स्थान सोडून त्यांच्या प्रकाशाच्या पृथक्करणाकडे वळले होते, आणि युरोपीय वेधशाळांनी या नकाशापायी दोन पिढ्यांची शक्ती वाया घालवली, असा ठपका ठेवला जाऊ लागला. त्या ठपक्यात तथ्य नव्हते असे नाही.

चित्र पालटले ते उपग्रहामुळे. युरोपीय अवकाश संस्थेच्या हिप्पार्कोस उपग्रहाने सन १९८९ ते १९९३ या काळात ताऱ्यांची स्थाने अभूतपूर्व अचूकतेने मोजली. तारा कोठे आहे, हे कळले. तो कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो आहे, हे कळायला मात्र त्याचे जुने, भरवशाचे स्थान हवे. ते कोठे होते? बेगमपेठच्या काचांवर, आणि पॅरिस, केप, सिडनी, पर्थच्या काचांवर. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने सूचीतील ४६ लाख ताऱ्यांची मोजमापे नव्याने गणून घेतली. त्यांच्या आधारे सन २००० मध्ये 'टायको-२' ही २५ लाख ताऱ्यांची सूची प्रसिद्ध झाली. तीत ताऱ्यांच्या गती दिल्या आहेत. तुकडे काटेकोरपणे जोडले होते, म्हणूनच सत्तर-ऐंशी वर्षांनी ते पुन्हा उघडता आले.

निझामियाच्या आवारात या काळात एक मुलगा वाढला. वेधशाळेतील सहायक एम. के. बापू यांचा तो मुलगा. वेणू बापू निझाम कॉलेजात शिकला, हैदराबादच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला, आणि जुलै १९४९ मध्ये तिथे घेतलेल्या एका काचेवर त्याला अनोळखी धूमकेतू सापडला. बापू-बोक-न्यूकर्क या नावाने तो ओळखला जातो. तामिळनाडूतील कावलूरची मोठी दुर्बीण आज वेणू बापूंच्याच नावाने आहे.

अंधार मागे सरकतो

बेगमपेठ उजळत गेली तशी दुर्बीण बाहेर न्यावी लागली. सन १९६८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाने शहराच्या आग्नेयेस पन्नासेक किलोमीटरवर जापाल-रंगापूर येथे ४८ इंची दुर्बीण उभारली. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी देशविदेशातील पथके तिथे जमली होती. ती चंद्रछाया गोव्याला खेटूनच, कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून, भारतभूमीवर आली आणि दख्खन ओलांडत त्या दिशेने गेली होती. त्या दिवशीची संधिप्रकाशासारखी दुपार दक्षिण गोव्यातील जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढच्या काळात हैदराबाद त्या बाजूनेही पसरत गेले. बेगमपेठ, मग पन्नास किलोमीटर, आता चारशे. शहराच्या वाढीचे माप एरवी लोकसंख्येत किंवा रस्त्यांच्या लांबीत देतात. अंधार किती दूर गेला, यातही ते देता येते.

कड्यावरची जुळवाजुळव

गंडिकोटा कडप्पा जिल्ह्यात, जम्मलमडुगूपासून पंधराएक किलोमीटरवर आहे. तेलुगूत 'गंडी' म्हणजे खिंड किंवा दरी आणि 'कोटा' म्हणजे किल्ला. एर्रमला डोंगररांगेतून पेन्ना नदीने कोरलेली खोल दरी, तिच्या दोन्ही अंगांना रचलेल्या विटांसारखे दिसणारे तांबूस क्वार्ट्झाइटचे थर, आणि कड्यावरच किल्ला, माधवराय व रघुनाथस्वामी यांची मंदिरे, जामा मशीद, धान्यकोठार. वाळवंट नसले, तरी रायलसीमा हा पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख आहे. कोरडी हवा आणि उघडा खडक रात्रीच्या छायाचित्राला मानवतो.

इथे येऊन पहिल्या खेपेस बहुतेकांचे चित्र फसते, आणि कारणे ठरलेली असतात.

पहिले कारण जवळचा खडक. एक डोळा मिटून अंगठा समोर धरावा आणि मग डोळा बदलावा. मागची भिंत जागीच राहते, अंगठा उडी मारतो. कॅमेरा ट्रायपॉडवर नुसता फिरवला, तर दोन चौकटींत लेन्सची जागा किंचित बदलते आणि पायाजवळचा खडक असाच उडी मारतो. संगणक मग दरीची कडा तुटक जोडतो. उपाय असा : लेन्समध्ये एक बिंदू असतो, ज्याभोवती कॅमेरा फिरवला असता जवळचे आणि दूरचे एकमेकांच्या तुलनेत हलत नाही. त्यासाठी ट्रायपॉडवर मागेपुढे सरकणारी पट्टी लावतात आणि घरीच दोन उभ्या काठ्या एका रेषेत धरून तो बिंदू शोधून ठेवतात. तारे अनंत अंतरावर असल्याने त्यांना हा त्रास नाही. हैदराबादच्या वेधकांना या एकाच गोष्टीची चिंता नव्हती.

दुसरे कारण आकाशाचे फिरणे. शटर किती वेळ उघडे ठेवावे, यासाठी ५०० या आकड्याला लेन्सच्या मिलिमीटरने भागण्याचा जुना ठोकताळा आहे. ३५ मिलिमीटरला साधारण १४ सेकंद येतात. आजचे बारीक बिंदूंचे सेन्सर पाहता त्याहून कमीच बरे. एका चौकटीपुरते हे ठीक. पण दोन रांगांत सोळा चौकटी घ्यायला पाच मिनिटे लागतात आणि तेवढ्यात आकाश सव्वा अंशाने, म्हणजे अडीच चंद्रांएवढे, सरकलेले असते. जमीन सरकलेली नसते. ताऱ्यांवरून जोडणी केली, तर क्षितिज पायऱ्यापायऱ्यांचे होते. क्षितिजावरून केली, तर तारे दुहेरी दिसतात. म्हणून आकाशाचे आणि जमिनीचे तुकडे वेगळे जोडून मग एकत्र आणावे लागतात.

तिसरे, चौकटींचा एकमेकांवर चढणारा भाग. दिवसाच्या छायाचित्रात पाव भाग पुरतो. रात्री ३५ ते ४० टक्के ठेवावा, कारण कोपरे अंधारतात आणि तारे तिथेच विस्कटतात. निझामियाची अर्ध्यावर काच चढवण्याची रीत येथे कामी येते. फोकस, छिद्र, शटर, आयएसओ आणि रंगसमतोल हे सारे हाताने एकदा ठरवून शेवटच्या चौकटीपर्यंत बदलू नये. ट्रायपॉडचा माथा पाणसळीने समतल करावा. दव पडत असेल, तर लेन्स पुसत राहावी.

दिशेचा प्रश्न गंडिकोट्यात अवघड आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पहाटे आकाशगंगेची कमान पूर्वेकडे खाली, छायाचित्राला सोयीची असते. पण पूर्वेलाच जम्मलमडुगू आणि प्रोद्दटूर ही गावे आहेत आणि त्यांच्या दिव्यांचा पिवळा उजेड क्षितिजावर चढतो. जिथे जावे तिथे कोणाचा तरी दिवा असतोच. कड्याला सर्वत्र कठडे नाहीत, हेही ध्यानात ठेवलेले बरे. जागा दिवसाउजेडी पाहून, खुणा करून ठेवावी.

आता थोडे सचोटीविषयी. पुष्कळ छायाचित्रकार दरीचा भाग सायंकाळच्या निळ्या उजेडात टिपतात आणि त्याच जागेवरून, ट्रायपॉड न हलवता, रात्री आकाश घेतात. हे जोडलेले चित्र आहे, आणि तसे सांगितले तर त्यात वावगे काही नाही. परंतु उत्तरेकडे उघडणाऱ्या दरीवर दक्षिणेतली आकाशगंगा आणून बसवली, किंवा कमान आहे त्याहून मोठी केली, तर ते रचलेले चित्र होते. ओळख पटवणे कठीण नसते. गंडिकोट्याच्या अक्षांशावर आकाशगंगेचे केंद्र दक्षिणेला फार तर ४६ अंश चढते. ते डोक्यावर दिसले, तर छायाचित्र खोटे समजावे. काचेवर जाळी उमटवणाऱ्या माणसांना आपल्या चुकीचा हिशेब ठेवण्याची काळजी होती. आज ती काळजी ज्याची त्याने वाहायची आहे.

गोव्यासाठी हीच गणिते थोड्या फरकाने लागू पडतात. पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवरील वेधशाळेतून अनेक वर्षे लोकांनी चंद्र, शनी, गुरू पाहिले. आकाशगंगेसाठी मात्र शहर सोडावेच लागते. सत्तरीतील जांभ्याचे सडे आणि चोर्ला घाटाचा माथा हे त्यातल्या त्यात काळोखे. समुद्राकडची बाजू काळी असते, पण तिथे मासेमारी बोटींचे दिवे आणि दमट हवा आड येते. पावसाळ्याचे चार महिने वगळता दोन हंगाम उरतात : फेब्रुवारी ते मेच्या पूर्वार्धापर्यंतची पहाट, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील सूर्यास्तानंतरचा थोडका वेळ. अधिक लांब जायची तयारी असलेल्यांसाठी विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. सन २०२४ च्या जानेवारीत त्याला भारतातील पहिले आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तेथील गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून लावण्यात आले आहेत.

फेब्रुवारीच्या संध्याकाळी गंडिकोट्याच्या कड्यावरून दक्षिणेकडे कॅमेरा लावला, तर चौकटीत व्याध हमखास येतो. निझामियाने पहिल्या काचा घेतल्या, त्या सन १९१४ पासून हा तारा स्वतःच्या गतीने आकाशात सुमारे अडीच कला सरकला आहे. बेगमपेठच्या काचेच्या प्रमाणात ते अडीच मिलिमीटर. सूक्ष्मदर्शकाची गरजही पडणार नाही. ३५ मिलिमीटर लेन्सने घेतलेल्या आजच्या चित्रात तेच अंतर जेमतेम पाच-सहा बिंदूंचे भरेल.